बोहल्यावर चढण्याआधी

लग्नाच्या बायोडेटात रक्तगट लिहिण्याची पद्धत आता महाराष्ट्रभर रुळली आहे. जन्मवेळ, रास, नाडी, गण, उंची आणि त्याखाली 'बी पॉझिटिव्ह'. दोन्हीकडची वडीलधारी माणसं हे कागद शेजारी ठेवून बघतात. दोघांचा रक्तगट एकच निघाला तर बऱ्याच घरांत शंका येते, पुढे मुलाबाळांना काही त्रास तर होणार नाही? एवढ्या कारणावरून स्थळं परत गेलेली आहेत. या भीतीला वैद्यकात काहीही आधार नाही. नवराबायकोचा रक्तगट एकच असल्याने होणाऱ्या बाळाला अपाय होत नाही. लक्ष ठेवायचं ते वेगळ्याच ठिकाणी. मुलगी आरएच निगेटिव्ह आणि मुलगा आरएच पॉझिटिव्ह असेल, तर गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन घ्यावं लागतं. गर्भपात झाला तरी ते विचारून घ्यावं लागतं. तेवढी काळजी घेतली की पुढच्या बाळाचा धोका जवळजवळ टळतो. लग्न मोडावं असं त्यात काही नाही.

गुणमेलनात छत्तीसपैकी सर्वाधिक आठ गुण नाडीला असतात, कारण एकनाडी आली तर संततीला बाधा येते असा समज आहे. म्हणजे होणाऱ्या मुलाबाळांची काळजी आपल्या लग्नव्यवहारात पूर्वीपासून आहे आणि ती उघडपणे, चारचौघांत बोलली जाते. त्या काळजीला हात जोडावेसे वाटतात. फक्त तिची पूर्तता पंचांगात शोधली जाते आणि जिथे खरी माहिती मिळू शकते तिथे कोणी जात नाही. गेलेच, तर समोरचं स्थळ नाकारायला काही सापडतं का, हे बघायला जातात. लग्नाआधीच्या आरोग्यमाहितीचा जगभरचा आणि आपला इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ही माहिती माणूस पारखायला वापरली की माणसं ती लपवतात. दोघांच्या तयारीसाठी दिली की तीच माहिती घरं सावरते.

सिकलसेलचं उदाहरण आपल्या अगदी जवळचं आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळ, मेळघाट आणि तिकडे नंदुरबार या पट्ट्यात, आदिवासी समाजांत आणि विदर्भातल्या काही दलित समाजांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडं आणि सांधे असह्य दुखतात, रक्त कमी होतं. ज्याला हा दोष आईवडील दोघांकडून मिळतो तो रुग्ण, त्याला तिकडे 'एसएस' म्हणतात. एकाकडूनच मिळाला तो 'एएस', म्हणजे वाहक. वाहक माणूस सहसा निरोगी असतो. शेतात राबतो, पळतो, त्याला स्वतःला काही कळतही नाही. प्रश्न येतो दोन वाहकांचं लग्न झालं तर. मग प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण मोकळं असण्याची २५ टक्के. 'प्रत्येक गरोदरपणात' हे शब्द महत्त्वाचे. पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब अनेक जण करतात. तो चुकीचा आहे.

थॅलेसेमियाचं गणित हेच, समाज निराळे. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी कुटुंबांत त्याचं प्रमाण जास्त, त्यामुळे उल्हासनगर आणि मुंबईच्या उपनगरांत हा प्रश्न जुना आहे, पण बाकीच्या समाजांत तो नाहीच असं नाही. थॅलेसेमिया मेजर झालेल्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं आणि त्या रक्तातून साठणारं लोह काढायला आयुष्यभर औषधं घ्यावी लागतात. हे सगळं ओळखायला लग्नाआधीची एक रक्ततपासणी, एचपीएलसी, पुरते. साध्या रक्ततपासणीत पेशी लहान आणि हिमोग्लोबिन थोडं कमी दिसतं, डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतात, आणि वाहक असल्याचं निसटून जातं. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, तेव्हा असं निसटणं सोपं आहे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजार संपवणं हे तिचं उद्दिष्ट. तपासलेल्या माणसाला कार्ड मिळतं. लग्न ठरवताना दोघांनी आपापली कार्डं ताडून बघावीत ही कल्पना. कल्पना सरळ आहे, म्हणूनच तिच्यातला धोका आधी बघायला हवा.

ग्रीसमध्ये ऑर्कोमेनोस नावाच्या गावात १९७०च्या आसपास हाच प्रयोग झाला. सगळ्या गावाची सिकलसेल तपासणी झाली, कोण वाहक ते लोकांना कळलं. काही वर्षांनी अभ्यासक परतले तेव्हा वाहक-वाहक लग्नांचं प्रमाण योगायोगाने जेवढं पडलं असतं तेवढंच पडलेलं होतं. वाहक ठरलेल्यांकडे गाव वाकड्या नजरेने बघू लागलं होतं आणि पुष्कळांनी लग्न जमवताना आपली माहिती दडवली होती. सायप्रसने दुसरी वाट धरली. तिथे थॅलेसेमिया फार. १९८०च्या दशकात तिथल्या चर्चने लग्नाआधी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली, पण त्या दाखल्यावर कोण वाहक आहे हे लिहिलेलं नसे. तपासणी झाली आणि सल्ला मिळाला एवढंच त्यावर असे. दोघेही वाहक निघाले तरी बहुतेक जोडप्यांनी लग्न मोडलं नाही. गर्भजल किंवा वार यांतून घेतलेल्या नमुन्याची तपासणी उपलब्ध होती, तिचा आधार घेऊन त्यांनी संसार केला. थॅलेसेमिया घेऊन जन्मणारी मुलं तिथे जवळजवळ दिसेनाशी झाली. एका ठिकाणी कागद गावाच्या हातात पडला, दुसऱ्या ठिकाणी तो जोडप्याच्या हातात राहिला.

आपल्याकडे कार्ड मुलीच्या हातात असलं की काय होतं हे वेगळं सांगायला नको. मुलगा वाहक असला तरी स्थळं येत राहतात, मुलगी वाहक म्हटलं की घरात कुजबूज सुरू होते. खरं तर वाहक मुलीचं लग्न सिकलसेल आणि थॅलेसेमिया या दोन्हींपासून पूर्ण मोकळ्या मुलाशी झालं तर एकही मूल सिकलसेलचं रुग्ण होत नाही. हे वाक्य कार्डाच्या पाठीवर ठळक अक्षरांत, माडिया, गोंडी, पावरी, भिली अशा बोलींतही छापलेलं असावं असं मला मनापासून वाटतं.

नात्यातल्या लग्नाबद्दल थोडक्यात. मामाची मुलगी करण्याची चाल दक्षिण महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात अजून आहे. सगोत्र विवाह टाळणारी घरंही मामाची मुलगी आनंदाने करतात, कारण तिचं गोत्र वेगळं. जनुकांना गोत्र कळत नाही. सख्ख्या आतेमामे भावंडांच्या लग्नात बाळाला गंभीर जन्मजात दोष असण्याची शक्यता सर्वसाधारण दोन-तीन टक्क्यांवरून चार-सहा टक्क्यांवर जाते. घाबरवण्याइतका हा आकडा नाही, दुर्लक्ष करण्याइतकाही नाही. घराण्यात लहानपणी गेलेली मुलं, मतिमंदत्व, बहिरेपण असेल तर अशा लग्नाआधी जनुकीय सल्ला घ्यायलाच हवा.

पारखण्याची हौस सरकारांनाही सुटलेली नाही. २००६ मध्ये गोव्यात लग्नाआधी एचआयव्ही चाचणी सक्तीची करण्याचा घाट घातला गेला. त्यामागे मुलीचं रक्षण हा हेतू सांगितला जाई आणि तो खोटा होता असं मी म्हणणार नाही. परगावी, परदेशी नोकरी करणाऱ्या नवऱ्यांकडून अनेक नवविवाहितांना लागण झालेली होती. पण लागण झाल्यावर पहिले काही आठवडे चाचणी निगेटिव्ह येऊ शकते आणि लग्नानंतरच्या आयुष्याची हमी कुठलाही दाखला देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये एका खटल्यात बाधित व्यक्तीच्या लग्नाच्या हक्काला खीळ घालणारी विधानं केली होती. २००२ मध्ये न्यायालयाने स्वतःच ती विधानं गरज नसताना केली गेली असं ठरवलं. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने तर समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय चाचणी करायलाच बंदी घातली. हे योग्यच झालं. सक्ती नको म्हणताना एक गोष्ट मात्र निसटू नये. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सिफिलिस या तपासण्या दोघांनी आपणहून, एकत्र जाऊन करून घेणं आजही शहाणपणाचं आहे. नियमित औषधं घेणारी आणि रक्तातला विषाणू न सापडण्याइतका खाली आणलेली व्यक्ती शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण देत नाही आणि अशा जोडप्यांना निरोगी मुलं होतात, हे कळलं तर तपासणीची भीती बरीच कमी होईल.

पारखण्याचं सर्वांत क्रूर रूप म्हणजे कौमार्याची परीक्षा. कंजारभाट समाजातल्या तरुण मुलामुलींनी २०१७-१८ मध्ये जातपंचायतीच्या विरोधात उभं राहून या प्रथेला आव्हान दिलं. मार खाल्ला, बहिष्कार सोसला. २०१९ मध्ये राज्य सरकारने अशी परीक्षा लैंगिक अत्याचार मानली जाईल असं जाहीर केलं. ज्या पडद्यावर ही परीक्षा उभी आहे तो पडदा काही मुलींत जन्मतःच नावापुरता असतो, काहींत तो लवचीक असतो आणि पहिल्या संबंधात रक्त येत नाही. मोठ्या संख्येने स्त्रियांना येत नाही. हे साधं शारीरिक सत्य शहरात शिकलेल्या, मोठ्या पगाराच्या नवऱ्यांनाही ठाऊक नसतं आणि त्यातून पहिल्याच आठवड्यात संशय संसारात येतो.

मराठीत हे बोलायला सुरुवात होऊन शंभर वर्षं उलटली. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं, १९२३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. विल्सन कॉलेजातली गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी त्यापायी गेली. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढत राहिले. पत्नी मालतीबाईंनी स्वतः मिळवून घर चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, त्यांतल्या १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. बाबासाहेबांच्या पक्षातर्फे नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला गेला. तो फेटाळला गेला. कर्व्यांच्या मासिकात वाचक निनावी पत्रं पाठवून पाळी, संभोग, हस्तमैथुन, गुप्तरोग यांबद्दल विचारत आणि कर्वे सरळ उत्तरं देत. ते प्रश्न आजच्या समुपदेशकाला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांहून फारसे निराळे नाहीत, ही खंत करण्याजोगी बाब आहे. पुढे डॉ. विठ्ठल प्रभू यांचं 'निरामय कामजीवन' लग्नात भेट म्हणून दिलं जाऊ लागलं. मामा-काकांना तोंडाने बोलता येत नसे ते रंगीत कागदात बांधून दिलेलं पुस्तक बोले. कित्येक घरांत ते कपड्यांच्या घडीखाली राहून वाचलं गेलं आणि त्याने खरोखर उपकार केले.

मध्यंतरी सरकारने या विषयाचा ताबा घेतला आणि त्याचा सूर बदलला. १९५२ पासून कुटुंबनियोजन हा राष्ट्रीय कार्यक्रम झाला, पण त्याचा सगळा रोख मुलं कमी करण्यावर. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या बहुसंख्य पुरुषांच्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक १९७६ मध्ये मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. त्या जुलमानंतर पुरुष या कार्यक्रमातून जे उठले ते परत आलेच नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी ४९ टक्क्यांनी शस्त्रक्रिया करून घेतलेली आहे, नवऱ्याची नसबंदी झालेली जोडपी ०.४ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया लहान, काही मिनिटांची, पोट न उघडता होणारी, आणि तरी हे असं. त्याच पाहणीत राज्याचा जननदर १.७ आला, म्हणजे लोकसंख्या थोपवण्याची लढाई केव्हाच संपली. तरी सरकारी भिंतींवर अजून दोन मुलांचं चित्र आहे आणि मूल हवं असणाऱ्या जोडप्याला काय ठाऊक असावं, याबद्दल त्या भिंती गप्प आहेत.

एक चांगला अपवाद सांगायला हवा. सातारा जिल्हा परिषदेने २००७ मध्ये नवविवाहितांसाठी योजना काढली. पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर पाच हजार रुपये, तीन वर्षं लांबवलं तर साडेसात हजार. वर्तमानपत्रांनी तिला 'हनिमून पॅकेज' म्हटलं. पैशांपेक्षा मोलाची होती ती त्यातून साधलेली गोष्ट. आरोग्यसेविकेला नव्या जोडप्याच्या घरात शिरायला, दोघांशी बोलायला आणि सासूसमोर निरोधाचं नाव घ्यायला निमित्त मिळालं. त्याच २००७ साली शाळांमधला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम मात्र महाराष्ट्रासह काही राज्यांनी संस्कृतीच्या नावाखाली थांबवला. त्या साली नववीत असलेली मुलं आज तिशी ओलांडलेले संसारी नवराबायको आहेत.

आता शरीराकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत.

पाळी अठ्ठावीस दिवसांची असेल तर बीज साधारण पुढच्या पाळीच्या चौदा दिवस आधी बाहेर पडतं. ते जेमतेम एक दिवस जगतं. शुक्राणू मात्र गर्भाशयात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणून दिवस राहण्याचे दिवस महिन्यात सहाच, बीज सुटण्याच्या दिवसासह आधीचे पाच. ज्यांची पाळी पस्तीस-चाळीस दिवसांनी येते त्यांचे हे दिवस पुढे सरकतात. चौदावा दिवस धरून बसणारी जोडपी महिनोन्‌महिने चुकत राहतात, तर दुसरीकडे पाळीनंतर लगेचचे दिवस सुरक्षित समजणाऱ्यांना दिवस जातात. मूल हवं असणाऱ्यांनी तारखांचं वेळापत्रक लावण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड जवळ येणं पुरेसं. निरोगी, तरुण जोडप्यांपैकी सुमारे ८५ टक्क्यांना वर्षभरात दिवस जातात. म्हणून वर्षभर प्रयत्न करून यश आलं नाही तरच वंध्यत्वाची तपासणी, आणि मुलगी पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांनी. पाळी फार अनियमित असेल किंवा दर महिन्याला अंथरूण धरायला लावण्याइतकी दुखत असेल तर लग्नाचीही वाट बघू नये. 'लग्न झालं की दुखणं थांबेल' हे आईचं, मावशीचं वाक्य एंडोमेट्रिऑसिसच्या निदानाला कित्येक वर्षं उशीर करतं. गर्भनलिका बंद करणारा जननेंद्रियांचा क्षयरोग आपल्या देशात अजून आहे. त्यात बहुतेकदा ताप नसतो, खोकला नसतो, म्हणून तो पुष्कळदा मूल होत नाही तेव्हाच सापडतो.

वयाची गोष्ट नाजूक आहे, पण टाळता येत नाही. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या बीजांडकोशात तिची सगळी बीजं असतात, दहा-वीस लाख. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि पस्तिशीनंतर संख्या आणि दर्जा दोन्ही झपाट्याने उतरतात. पुण्या-मुंबईत, बंगळुरूला, अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी मुलींची लग्नं आता तिशीच्या आसपास होतात. घर, कर्ज, नवऱ्याची बदली यांत आणखी चार वर्षं जातात. त्यांना घाईचा उपदेश करणं मला मान्य नाही. शिकणं, कमावणं हा त्यांचा हक्क आहे. फक्त निर्णय माहिती असताना व्हावा. चाळिशीतली नटी आई झाल्याची बातमी येते, तिने त्यासाठी दुसऱ्या स्त्रीचं बीज घेतलं का हे बातमीत नसतं, आणि वाचणारीला वाटतं वेळ पुष्कळ आहे. आयव्हीएफ वय मागे नेत नाही.

त्याच तोंडाने पुरुषांबद्दल बोलायला हवं. मूल न होण्याच्या सुमारे निम्म्या प्रसंगांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीने असतं. तरी आपल्याकडे पहिली सोनोग्राफी तिची, पहिली दुर्बीण तिच्या पोटात, पहिला उपास तिचा. वीर्यतपासणी ही या सगळ्या तपासण्यांत स्वस्त आणि विनात्रासाची, आणि ती सर्वांत शेवटी होते. कधी नवरा देतच नाही. असे संसार माझ्या नात्यागोत्यात मी पाहिले आहेत, जिथे सुनेने कूस उजवावी म्हणून सगळी तीर्थं केली आणि मुलाचा रिपोर्ट कोणी मागितला नाही. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. म्हणजे हळदीच्या दिवशी तंबाखू सोडणाऱ्यापेक्षा साखरपुड्याला सोडणारा खूप पुढे असतो. गुटखा, बिडी, दारू, भट्टीसमोरचं काम, लहानपणी खाली न उतरलेलं वृषण, वयात आल्यावर झालेले गालगुंड, वृषणाच्या फुगलेल्या शिरा ही ठाऊक असलेली कारणं. एक नवं कारण गावोगावच्या व्यायामशाळांत शिरलं आहे. अंग भरावं म्हणून घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं मेंदूला फसवतात, वृषणाचं काम थांबतं आणि दंड भरलेल्या मुलाच्या वीर्यात शुक्राणूच सापडत नाहीत. इंजेक्शनं बंद केल्यावर बहुतेकांत ते परत येतात, पण महिने लागतात, कधी वर्षंही. लग्नाआधी फोटोत चांगलं दिसायला हे घेणाऱ्या मुलाला ही गोष्ट कोणी सांगत नाही.

आणि एक गोष्ट डॉक्टरांच्या खोलीतच राहते. मूल होत नाही म्हणून येणाऱ्या जोडप्यांत अशीही जोडपी असतात ज्यांचा संबंधच नीट झालेला नसतो. मुलीचे स्नायू भीतीने आवळले जातात, मुलाला पहिल्या रात्रीचा ताण पेलत नाही, दोघंही कोणाला सांगत नाहीत, वर्षं जातात. याला उपचार आहेत आणि ते चांगले लागू पडतात. शस्त्रक्रिया लागत नाही, धीर लागतो आणि बोलणारा तज्ज्ञ लागतो.

लग्नाआधी माहिती का हवी, नंतर का चालत नाही, याचं सर्वांत ठोस उत्तर फॉलिक ॲसिडमध्ये आहे. बाळाच्या मेंदूची आणि पाठीच्या कण्याची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते. पाळी चुकल्याचं लक्षात येऊन, चाचणी करून, दवाखान्यात नाव नोंदवेपर्यंत ती वेळ गेलेली असते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासात असं बाळ आधी झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड दिल्यावर हा दोष पुन्हा येण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. बहुतेकींसाठी रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी, स्वस्तातली, दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधी सुरू करायची. आपल्या सरकारी व्यवस्थेत ही गोळी मिळते, बहुतेक वेळा दिवस गेल्यावर. रुबेलाची लसही अशीच. लहानपणी घेतली नसेल तर लग्नाआधी घ्यावी आणि त्यानंतर महिनाभर दिवस राहू देऊ नयेत, कारण गरोदरपणात ती देता येत नाही. थायरॉइड, साखर, रक्तदाब, फिटची औषधं यांचाही हिशेब आधीच व्हायला हवा. फिटच्या काही गोळ्यांनी बाळात दोष येतो आणि त्या बदलायला वेळ लागतो.

लग्नाच्या धामधुमीत एक गोळी मात्र प्रत्येक मुलीपर्यंत पोहोचते, ती पाळी पुढे ढकलण्याची. बोहल्यावर, सत्यनारायणाला, देवदर्शनाला पाळी नको म्हणून औषधाच्या दुकानातून आणून दिली जाते. बहुतेकींना तिने इजा होत नाही, पण रक्ताच्या गुठळीचा किंवा यकृताचा त्रास असलेल्यांना ती धोक्याची आहे. आणि या गोळ्या गर्भनिरोधक म्हणून घेतलेल्या नसतात, त्यांच्या भरवशावर राहून मधुचंद्रालाच दिवस गेल्याची उदाहरणं होतात. मग घाबरून दुकानातूनच गर्भपाताच्या गोळ्या येतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली केलेल्या गर्भपाताने पुढे मूल होत नाही हा समज खोटा आहे, चोरून, अर्धवट झालेल्या गर्भपाताने जंतुसंसर्ग होऊन नलिका बंद होतात हे मात्र खरं. गर्भनिरोधकांनी वांझपण येतं ही भीतीही तशीच. निरोध, माला-डी किंवा छाया गोळ्या, कॉपर टी सोडल्यावर दिवस लवकर राहू शकतात. अंतरा इंजेक्शनानंतर काही महिने उशीर होतो, म्हणून वर्षभरात मूल हवं असणारीने ते न घेणं बरं. सासू 'आधी एक होऊ द्या, मग काय ते करा' म्हणते त्यामागे हीच भीती असते.

हे सगळं शिकल्या-सवरलेल्या घरांना लागू. ऊसतोडीच्या टोळीत लग्न म्हणजे कोयता. नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता मोजला जातो, उचल जोडीला मिळते, म्हणून मुलाचं लग्न लवकर लावलं जातं आणि मुलीला मागे एकटी ठेवायची भीती म्हणून तिचंही. बीड, परभणीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालं होतं, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. फडात आडोसा नाही, पाणी नाही, पाळीत सुट्टी घेतली तर दंड. अंगावरून पांढरं जायला लागलं की पिशवीच काढण्याचा सल्ला मिळतो. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेल्याचं जून २०१९ मध्ये विधिमंडळात आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला होता. ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या सुमारे आठ टक्के. त्या अभ्यासाने जगाला ग्रामीण बाईच्या दुखण्याकडे बघायला लावलं. राणीताईंनी पुढे 'तारुण्यभान' शिबिरं सुरू केली. मुलगे आणि मुली एकाच खोलीत बसून शरीराबद्दल ऐकतात, विचारतात, हे गडचिरोलीत होऊ शकतं तर ते पुण्यात का होऊ नये, याचं उत्तर मला मिळालेलं नाही.

बाजाराने दरम्यान 'प्री-मॅरिटल पॅकेज' काढलं आहे. त्यात एएमएच नावाची बीजसाठ्याची चाचणी हमखास असते. आयव्हीएफच्या औषधाचा डोस ठरवायला ती कामाची आहे, पण ज्या मुलीने अजून प्रयत्नच केलेला नाही तिला नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही हे ती सांगू शकत नाही. आकडा कमी आला की मुलगी खचते आणि स्थळ हातचं जातं. माझ्या मते बहुतेक जोडप्यांना लागतं ते एवढंच: हिमोग्लोबिन आणि एचपीएलसी, रक्तगट, साखर, संमतीने केलेल्या संसर्गाच्या तपासण्या, रुबेला आणि एचपीव्हीच्या लसींची चौकशी, आणि दोघांना एकत्र बसवून तासभर बोलणारं माणूस. तपासण्यांपेक्षा तो तास अवघड आहे. वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती समाजात लग्नाआधी विवाहतयारीचा वर्ग करावाच लागतो. तिथे नैसर्गिक पद्धतींवरच भर असतो ही मर्यादा आहे, पण होणारे नवराबायको शेजारी बसून या विषयावर ऐकतात हे तिथे रूढ झालेलं आहे. बाकीच्या समाजांत केळवणं वीस होतात, असा एक तास होत नाही.

तो तास सरकारी व्यवस्थेत बसवायला फार मोठा खर्च नाही. आशाताईच्या वहीत 'पात्र जोडपी' नावाची यादी असते. त्या यादीत नाव चढतं लग्न होऊन मुलगी सासरी आल्यावर, आणि पुष्कळदा पहिली पाळी चुकल्यावर. माहेरच्या आशाताईच्या लेखी ती लग्न होऊन गेलेली, सासरच्या आशाताईच्या लेखी अजून न आलेली. नेमके हेच काही महिने फॉलिक ॲसिडचे, लसीचे, सिकलसेलच्या कार्डाचे आणि तंबाखू सोडण्याचे असतात. साखरपुडा झाला की दोन्ही गावांच्या आशाताईंनी मुलाचं आणि मुलीचं नाव वहीत घ्यावं, गोळ्यांचं पाकीट मुलीला द्यावं, आणि मुलाला तालुक्याच्या रुग्णालयातल्या समुपदेशकाकडे त्याच्या होणाऱ्या बायकोबरोबर पाठवावं. विशेष विवाह कायद्याखाली नोटीस देणाऱ्यांना तर तीस दिवस थांबावंच लागतं, आणि सामुदायिक विवाह सोहळ्यांसाठी कित्येक जोडपी आधी नोंदणीला येतात. तो तास तिथेही बसवता येईल.